घडी

मिझूलाच्या धावपट्टीपलीकडे एक लांबट शेड होती,
तिच्यात चाळीस फुटी टेबलं,
आणि टेबलांच्या कडेकडेनं चालायचा माझा बाप
नायलॉनवरून तळहात फिरवत,
घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ऑरिन हॉगलंड.
आधी फौजेत हवाई छत्र्यांच्या घड्या घालणारा,
मग माँटानाच्या पेटलेल्या डोंगरांवर
त्याच छत्र्या पाठीला बांधून उडी टाकणारा.

"फौजेत नियम होता," तो म्हणायचा,
"कुठलाही साहेब कधीही यायचा,
आपण बांधलेली एखादी छत्री उचलायचा
आणि म्हणायचा, चढव पाठीवर, चल विमानात.
म्हणून घडी घालताना दुसऱ्या कुणाचं नाव
मनात आणायचं नाही."

आई स्पोकेनला गेली, ती तिथलीच झाली.
घराची घडी विस्कटली, असं शेजारची मिसेस टोलेफसन
कुंपणावरून कुणाला तरी म्हणाली.
मी सहा वर्षांची. मला वाटलं, विस्कटली
तर बाबा घालेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्टुलावर बसवलं.
अठ्ठावीस दोऱ्या डोळे मिटून मोजणारा माणूस
तीन पेडांत अडखळला.
सोडलं, विंचरलं, पुन्हा घातलं.
शाळेची बस निघून गेली.
चौथ्या खेपेला जी वेणी बसली
ती रविवारपर्यंत हलली नाही.

हॅलोविनला वर्गात सहा भुतं होती, पाच चादरीची.
मी बाद झालेल्या छत्रीची, त्यानं रात्री मशीनवर शिवलेली.
मैदानात वारा सुटला
आणि फुगलेलं भूत मी एकटीच होते.

दहाव्या वर्षी मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून
मी युकॉन पाहिलं.
मांडीवर स्टोव्ह, गळ्यात नकाशा.
टायर फाटला तेव्हा त्यानं त्यात गवत कोंबलं
आणि शिट्टी वाजवत पुढचे नव्वद मैल काढले.
अस्वल आलं त्या रात्री मात्र शिट्टी नव्हती.
तंबूच्या दाराशी तो पहाटेपर्यंत उकिडवा बसला होता
हातात तवा घेऊन.
मला वाटत होतं तो नाश्त्याची तयारी करतोय.

व्हिएतनामबद्दल एवढंच:
"तिथं सगळं ओलं असायचं. वाळवायला जागा नव्हती."
आणि पाकिटात एक पिवळं कार्ड,
छत्रीचा नंबर, खाली त्याची सही,
आणि नेणाऱ्याचं नाव, डेलमार प्रूट.
मी कधी विचारलं नाही.
तो गेल्यावर कार्ड उलटून पाहिलं.
मागे पेन्सिलीनं, वेगवेगळ्या वर्षांच्या अक्षरांत,
एकाखाली एक, सात वेळा:
छत्री उघडली होती.

शेवटी शेवटी हात थरथरायचे.
नर्स रुमाल द्यायची, तो मांडीवर पसरायचा,
कडेला कड, कोपऱ्याला कोपरा,
आणि माझ्याकडे बघायचा, तपास म्हणून.
मी तपासायचे. पास, म्हणायचे.

दफनाच्या वेळी दोन कोवळ्या शिपायांनी
शवपेटीवरचा झेंडा उचलून घडी घातली
आणि तो त्रिकोण माझ्या हातात ठेवला.
एकाचं नाक वाहत होतं, थंडीनं असेल.
फक्त निळं दिसायला हवं होतं;
कडेला बोटभर लाल डोकावत होतं.

बाबा, तू असतास तर बोलला नसतास काही.
घरी येऊन सोडली असतीस.

मी सोडली.
स्वयंपाकघरातलं टेबल फार तोकडं पडतं.
दुसरं टोक नऊ वर्षांच्या अँडर्सच्या हातात दिलं,
तो मागे मागे सरकत फ्रिजला टेकला.
"किती घट्ट ओढू?"
मी म्हटलं, तुलाच उडी मारायची आहे असं समज.
तो हसला नाही. ओढलं.

लाल आत गेलं, तिसऱ्या खेपेला.

रबर लावलेली गादीची चादर मात्र
त्याला जन्मभर जमली नाही, मलाही नाही.
ती अजून बोळा करून
कपाटात कोंबते, आणि दार पटकन लावते.