नमुना क्रमांक चौदा

फर्मागुढीला, जिन्याखालच्या खोलीत,
सोमवारी सकाळी दहाला यंत्र सुरू केलं.
सेकंदाला चार दाब.
दिवसाला तीन लाख पंचेचाळीस हजार, आणि वर काही शे.

त्याच घाण्यातले तीन दंडगोल आधी मोडून घेतले होते
एका दमात, किती सोसतात ते कळावं म्हणून.
चौदाव्याच्या वाट्याला त्या शंभरातले पासष्टच.
मोडणार नाही एवढा भार.
फक्त पुन्हा. आणि पुन्हा.

"लोखंडाला एक पातळी असते," मेलिंडा म्हणाली,
"तिच्याखाली कितीही वेळा दाबा, ते थकत नाही.
काँक्रीटची तशी पातळी कुणाला सापडलेली नाही."
तिचा प्रबंध आहे यावर.
माझ्याकडे तेल, फ्यूज, नोंदवही.

पहिले काही हजार ते भराभर आखडतं.
मग लाखभर फेऱ्या काहीच घडत नाही,
म्हणजे घडतं, खडी आणि सिमेंटच्या सांध्यात,
केसाहून बारीक.
बाहेरून हात फिरवला तर गुळगुळीत.

बुधवारी रात्री दोनला वीज गेली.
आकडा पावणेसहा लाखांवर थांबला.
इतक्या शांततेची कानांना सवय नव्हती.
टॉर्च तोंडात धरून मी दंडगोलाला हात लावला.
कोमट होता.

सातला वीज आली, पाठोपाठ मेलिंडा.
"खंड पडला पात्रांव, आकडे वाया."
पण काटा थोडा मागे सरकलेला.
आणि चौदा नंबर गुरुवारी संध्याकाळपर्यंत चालला,
अकरा लाखांच्याही पुढे.
तेरा आणि बारा आठाच्या आतच फुटले होते.
तिनं समासात लिहिलं: विश्रांती पाच तास. ग्राह्य नाही.

माझा बाप, कुष्टा वेळीप, सावर्ड्याला पुलाच्या तोंडाशी
खुर्ची टाकून खनिजाचे ट्रक मोजायचा.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
भरलेला तेवढा धरायचा.
रिकामा परतायचा, त्याची रेघ नव्हती.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रकांच्या चाकांतून वेली वर चढल्या,
आईनं पाटल्या मोडल्या, मग शेगडीसुद्धा विकली.
बाप तरी सकाळी खुर्ची घेऊन निघायचा,
दिवसभर कठड्याला हात लावून बसायचा.
शेजारी म्हणत, कुष्टाचं डोकं गेलं.
मीही म्हणायचो.

शनिवारी घरी गेलो.
ट्रक पुन्हा सुरू झालेत. मोजायला आता कॅमेरा आहे.
बापाची खुर्ची गोठ्यात, तिच्यावर कोंबडी बसते.
पुलाच्या मध्यावर चपला काढून उभा राहिलो.
भरलेला ट्रक आला, गेला.
तळव्यांखाली पूल जरासा खचला, जरासा वर आला,
माझा भ्रमही असेल.
मनात एक रेघ ओढली.

थोड्या वेळानं तोच ट्रक रिकामा परतला,
फाळका खडखडत.
त्याचीही ओढली.