उलटा निरोप

रॉटरडॅम. रात्रीचे दोन.
वीत्स्केच्या पडद्यावर एक खोटं बंदर चालू आहे :
चारशे प्रोसेसर, प्रत्येकाचं आपलं घड्याळ,
कुणी कुणासाठी थांबत नाही.

सतराव्या क्रेनने चार सदतीसला
केळ्यांचा कंटेनर उतरवलासुद्धा
आणि आत्ता पोचतोय निरोप, चार दहाचा :
जहाज धुक्यात अडकलंय.

मग मागे. केळी हवेत, केळी जहाजात,
आणि जहाजच नाही.
ज्यांना ज्यांना कळवलं होतं
त्यांच्याकडे उलटे निरोप पळतात,
मूळ निरोपाला गाठून
त्याच्यासकट नाहीसे होतात.

"खात्री होईपर्यंत थांबवू या सगळ्यांना," योरिस म्हणतो.
"मग बसतील चारशे जण
एकमेकांची तोंडं बघत."
ती एकच आकडा बदलते :
पळा, पण सर्वांत मागच्याच्या
नऊ मिनिटंच पुढे.

सर्वांत मागचं घड्याळ आता चार बारावर.
त्याआधीच्या काळात कुणालाच परतता येणार नाही.
तिथवरच्या जपलेल्या खुणा ती पुसते.
मेमरी मोकळी.

खिडकीबाहेर खरी क्रेन, पिवळ्या दिव्याची.
तिचे वडील चौतीस वर्षं तशाच एका केबिनमध्ये.
एकदा खाली माणूस होता.
ते एवढंच सांगत :
हाक आली होती.
उशिरा.