पेरांवर मोजलेले दिवस

कॅलमझूत दंव गोठतं साधारण दहा ऑक्टोबरला.
साधारण, असं वेन्डेल हुकस्ट्रा म्हणतो,
आणि चौऱ्याऐंशी शरद पाहिलेला माणूस
‘साधारण’ म्हणतो तेव्हा घाबरायचं असतं.

मी बोटांच्या पेरांवर मोजते, उलट:
मुळ्याचे तीस, पालकाचे पंचेचाळीस, नवलकोलाचे साठ,
वर चौदा दिवस आखूड होत जाणाऱ्या उन्हाचे.
पाकिटावर छापलेले दिवस जूनमधले असतात,
लांबलचक, उधळ्या हाताचे.
सप्टेंबरचा दिवस चिकट,
सुट्टे मोजून देतो, तेही रडत.

पेरांवरच्या पेरणीप्रमाणे
नवलकोलाची वेळ जुलैतच निघून गेली होती.
जुलैत मी टोमॅटोंच्या नादी होते.
तरी लावला. नावातच नवल आहे, म्हटलं, बघू.
काकडीचे वाळके वेल उपटले,
धणे चपलेखाली रगडून दुभंगले, भुरभुरले,
मेथी मुठीनं फेकली, ओळ न आखता,
वेन्डेल कुंपणापलीकडून बघत राहिला.
त्याच्या ओळी दोरी लावून असतात.

माझं काम रात्रीचं.
इस्पितळाच्या तळघरात रक्ताच्या नळ्या यंत्रात लावते,
आकडे वाचते. माणसं दिसत नाहीत.
नळीवर नाव, वय, काळ्या रेघा.

तीन ऑक्टोबरला रात्री अकराला
हवामान म्हणालं, पहाटे उणे दोन.
त्याच सुमारास एका नळीत प्लेटलेट्स बारा हजार.
वय वर्षं सहा.
पुन्हा चालवली. अकरा हजार आठशे.
वरच्या मजल्यावर फोन केला,
तिथल्या नर्सनं आकडा परत म्हणून दाखवला,
नियम आहे तसा:
अकरा, हजार, आठशे.

मग दुसरा फोन लावला
नऊला झोपणाऱ्या माणसाला.
वाफे झाकशील का माझे?
बराच वेळ नुसता श्वास.
मग त्यानंही परत म्हणून दाखवलं:
वाफे. झाकायचे. तुझे.

सकाळी साडेसातला गणवेशातच गेले.
गवत बुटाखाली काचेसारखं मोडत होतं.
माझ्या तिन्ही वाफ्यांवर पिवळ्या फुलांचे पडदे,
आर्लीनच्या स्वयंपाकघरातले,
तिच्यामागं चार वर्षं खिडकीतच असलेले.
कडांना विटा, रंगाचे डबे, एक इस्त्री.
आणि पलीकडे, दोरीतल्या ओळीत,
त्याच्या मिरच्या काळ्या पडून लोंबत होत्या,
उकडल्यासारख्या.

पालकाला काय होतंय, तो म्हणाला,
थर्मासचं झाकण माझ्यापुढं धरत.
एक गारठा खाल्ला की उलट गोड होतो.
नवलकोलही. यांना पडदे लागतच नाहीत.
मग?
तू सांगितलंस ना.
कॉफी पातळ होती, फार गरम होती.
तो मिरच्यांकडे बघत नव्हता
हे मला दिसत होतं.
यंदा तशाही फार झाल्या होत्या, म्हणाला.

पडदा उचलला. वाफ्यातून थोडी वाफ आली.
पालक ताठ. मेथी जरा दबलेली,
कुणी रात्रभर तिच्यावर हात ठेवल्यासारखी.
नवलकोल अजून लिंबाएवढाच.

त्या नळीचं पुढं काय झालं, कळलं नाही.
तळघरात कळवायचा नियम नाही.
पुढच्या रात्री मी तेच नाव येतंय का पाहत होते
आणि यायला हवं की नको
ते ठरत नव्हतं.

महिनाअखेर लसूण लावला,
पाकळीचं टोक वर, वितीवर एक.
त्याचे दिवस उलटे मोजायचे नसतात,
बर्फ पडो, किती पडायचा तो.
मिरच्यांच्या जागी वेन्डेलसाठीही एक ओळ लावली,
दोरी धरून. तरी वाकडी आली.

पडदे धुतले.
त्याच इस्त्रीनं इस्त्री करून परत दिले.
चालते ती अजून,
एका कडेला जरा जास्त तापते.