डावी सीट

पापांनी आज खिमा परतायला घेतला,
बीफचा, अर्धा किलो,
आणि शेगडीच्या बटणाकडे असं पाहिलं
जसं दुसऱ्याच्या ट्रकच्या गिअरकडे पाहतात.
"तिसऱ्यात ठेवा," मी म्हटलं.
त्यांना लगेच कळलं.

ओपोटिकीत सकाळचे दहा.
मी पॅकिंग शेडमधून रात्रपाळी करून आलेली,
बोटांना अजून किवीफळांची लव.
झोपायलाच निघाले होते,
पण कांदा कुणीतरी चिरायला हवा होता.
डॉक्टरांच्या तक्त्यावर पापा
तिसऱ्या ओळीशी अडले
त्याला आज बारा दिवस.
लायसन्स टेबलावरच आहे, मिठाच्या बरणीखाली.
फोटोतला होहेपा सरळ समोर बघतोय.

एकतीस वर्षं त्यांनी पाइनचे ओंडके
वायोएकाच्या घाटातून गिझबर्नच्या बंदराला पोचवले.
एकतीस वर्षं पहाटे चारला
पेट्रोलपंपाच्या काचपेटीतली पाई.
खिमा आणि चीज. दुसरी कधी नाही.
एक हात स्टिअरिंगला, एक हात पाईला.
आई फाकाटानेला तिच्या नव्या घरी गेली तेव्हा म्हणाली होती,
"ह्या माणसाला ताट म्हणजे काय
हे सांगून मी थकले."

आता वूस्टर सॉस. मिरी. मार्माइट एक चमचा,
तो चमचा त्यांनी चाटलाही.
रस्सा दाट हवा,
पातळ झाला तर पहिल्याच घासाला बाहीत उतरतो.
हे मी त्यांना काय सांगणार,
त्यांच्या बाह्या मीच धुतल्यात.

मग घाई. गरम खिम्यावरच पेस्ट्री टाकायला निघाले.
"थांबा, लोणी वितळेल, तळ भिजेल."
ऐकेनात.
"पापा, इंजिन तापलेलं असताना
रेडिएटरचं झाकण उघडता का?"
पातेलं उचलून मागच्या पायरीवर ठेवलं,
शेजारच्या कुत्र्यावर नजर ठेवत
वीस मिनिटं शेजारी बसून राहिले,
बंदरात माल उतरायची वाट बघावी तसे.

घरात लाटणं नाही.
पेस्ट्री लाटली त्यांच्या थर्मासने,
पोचे आलेल्या, ट्रकमधून उतरवून आणलेल्या.
प्रत्येक पोच्याचा पेस्ट्रीवर एक उंचवटा उठला.
चीज किसायला मी किसणी दिली,
त्यांनी चाकूने जाड तुकडे केले
आणि खिम्यावर रचले,
ओंडके रचतात तसे, लांबीला लांबी लावून.
साखळीच बांधायची बाकी होती.
काठ काट्याने दाबले. वर अंड्याचा हात.
मधोमध एक चीर, वाफेला.
एक पाई तरीही फुटलीच ओव्हनमध्ये,
चीज कडेने ओघळून करपलं.
तीच त्यांनी स्वतःसाठी घेतली.

मी बश्या मांडल्या होत्या. काटेही.
पापांनी पावाची रिकामी कागदी पिशवी शोधली,
पाई तीत घातली, फुंकर मारली,
आणि खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले.
बाहेर कपड्यांची तार, लिंबाचं झाड,
त्यापलीकडे कुंपण. तिथे रस्ता नाही.
डावा हात टेबलाच्या कडेवर,
घट्ट, बोटं वळवून.

मी त्यांच्या डावीकडे बसले.
ठरवून नाही. तिथेच खुर्ची होती,
किंवा पाठीला सवय होती.
शाळेच्या सुट्ट्यांत ट्रकमध्ये माझं काम एकच,
वळण आलं की पाई धरायची,
सरळ रस्ता लागला की परत द्यायची.
मधल्या मधे एक चावा, टोल म्हणून.
त्या घाटात सरळ रस्ता फारसा नाही.
मी गुटगुटीत होते.

दोन घास झाले. कसं झालंय, मी विचारलं नाही.
ते लिंबाच्या झाडाकडे बघत होते,
डोळे बारीक करून,
धुक्यात समोरचा दिवा शोधताना करायचे तसे.
तिसऱ्या घासानंतर
न बघता, न बोलता
त्यांनी पाई माझ्यासमोर धरली
आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेला लावले.

मी धरली.
चटका बसत होता, तरी धरून ठेवली.
मग एक चावा घेतला.
मीठ कमी होतं.