लाल किती वेळ टिकतो

तारांतोच्या छोट्या समुद्रात
माझे वडील पंचेचाळीस वर्षं दोर ओढत आलेत.
दोराला लगडलेले काळे-निळे शिंपले,
एकमेकांच्या दाढ्या धरून बसलेले.
समुद्र चाखूनच कळतो, म्हणायचे एजिदिओ लोमास्त्रो.
आता आमच्या बाजूचं काही चाखायचं नाही,
तसा कागद आलाय, शिक्क्यासकट.
पलीकडे पोलादाचा कारखाना.
वारा फिरला की गल्लीतल्या चादरी विटकरी होतात,
म्हणून आई त्या आतल्या खोलीत वाळत घालते.

मी प्रयोगशाळेत असते.
आमचा नवा स्पंज तसा कागदाच्याच लगद्याचा,
पण त्याचा धागा असा
की एक केस उभा चिरून हजार केले
तरी त्यातला प्रत्येक त्याच्यापुढे दोरखंड.
पाण्यातलं जस्त, कॅडमियम तो धरतो
आणि धरलं की सोडत नाही,
आमच्या आत्याच्या रागासारखं.

सगळं ठीक.
पण पाणी साफ करायला निघालेला हा
आधीपासून पाणी साफ करत बसलेल्याला
मारणार तर नाही?
शिंपला काही निवडून पीत नाही.
जे येतं ते गाळतो, दिवसरात्र,
आणि गाळ पोटात ठेवतो.

म्हणून काचेच्या चार टाक्या.
एकीत स्वच्छ पाणी, एकीत घाण,
एकीत घाण आणि स्पंज.
चौथीत स्वच्छ पाण्यात नुसता स्पंज:
आजार नसताना औषध प्यायलेला माणूस.

दोन दिवसांनी सुई.
शिंपल्याचं रक्त तांदळाच्या धुवणासारखं,
त्यात मी लाल रंगाचा थेंब सोडते, घड्याळ लावते.
पेशी सुखात असेल तर तो लाल
आतल्या पिशवीत जपून ठेवते.
धसकलेली असेल तर सांडते.
माझं काम एवढंच मोजायचं.

पहिल्या खेपेला चौथी टाकी:
पंधरा मिनिटं.
घाणीतल्यांहूनही कमी.
मी पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा.
स्पंज बनवताना वापरलेलं काहीतरी
त्याच्या छिद्रांत मागे राहिलं होतं,
आणि आम्ही ते घेऊन समुद्राचं भलं करायला निघालो होतो.
प्रिस्काबाई चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, धुवा.
तीन महिने धुतला.
आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली,
रात्रभर भिजत घाल गं, घाई कशाला करतेस.

दुसऱ्या खेपेला चौथी टाकी एकशेवीस मिनिटं.
स्वच्छ पाण्याची टाकी, तीही एकशेवीस.
तिसरी जरा मागे, पण घाणीच्या कितीतरी पुढे.
कोणीतरी पेस्ट्री आणली.
मी घड्याळ बंद करायला विसरले,
ते रिकाम्या बाकावर चालत राहिलं.

रविवारी वडिलांना सांगितलं.
"म्हणजे खाता येतील?"
म्हणजे त्यांना त्रास झाला नाही, बाबा.
"मी ते नाही विचारलं."
मग सुरी पुसत, बराच वेळाने:
"दोन दिवस पाहिलंस. माझा शिंपला
दोराला दीड वर्ष असतो."
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
वहीत तेवढी पानं अजून लिहून झालेली नाहीत.

संध्याकाळी होडी घेऊन गेलो तिथे,
जिथे तळातून गोडं पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं.
आजोबा इथे बाटली भरत, म्हणे.
वडिलांनी दोर थोडा उचलला,
एक शिंपला तोडून माझ्या तळव्यावर ठेवला.
जरासा उघडा होता. कडेला फिकट झालर.
माझ्या बोटाची सावली पडली
आणि तो मिटला.

"घाबरतो अजून," वडील म्हणाले,
आणि वल्हं मारू लागले.
मी सवयीनं मनगटाकडे पाहिलं.
शिंपला हातातच होता.
किनारा यायला किती वेळ लागला
तेवढं मात्र मी मोजलं नाही.