चौदावा थर

छावणी उठली त्याला पिढ्या झाल्या,
हिंगोलीत नाव तेच : छावणीचा बंगला.
मी खात्याचा फॉर्म घेऊन गेले,
सोबत दस्तगीर मिस्त्री, टेपचं टोक धरायला.

भिंत अठरा इंची. नोंदवली.
खालून एक थर लांब निजलेल्या विटांचा,
त्यावर एक, नुसती तोंडं बाहेर काढून बसलेल्यांचा,
पुन्हा निजलेल्या, पुन्हा बसलेल्या.
"धर्मशाळाच की," दस्तगीर म्हणाला.
कॉलेजात ह्याला इंग्लिश बॉण्ड म्हणायचो,
पाच मार्कांना, आकृतीसह.
कोपऱ्याजवळ उभी चिरलेली अर्धी वीट,
तिचं नाव क्वीन क्लोजर, असं मी सांगितल्यावर हसला :
"आमी कातरण म्हणताव.
राणीला कुठं असं कोपऱ्यात कोंबतेत?"

काळीत वीट होत नाही, तडकते.
म्हणून माती कयाधूच्या काठची,
चुना घाणीत मळलेला,
बैल कुणाचे, ते कागदात नाही.

दिवाणखान्यात शेकोटीचा कोनाडा, वर देखणी कमान,
आणि बाहेर त्रेचाळीस!
धुराड्यात हात घातला.
काजळी नाही.
पाकोळ्यांची पिसं, एक ॲल्युमिनियमची चहागाळणी.

"म्याडम, हितं या."
उत्तरेच्या भिंतीशी तो वाकून,
ओळंबा तसाच लोंबता सोडून.
चौदाव्या थरात, बसलेल्यांच्या रांगेत
एकच वीट निजलेली.
तिच्या कडेला सांध्यावर सांधा,
आणि सांध्यातून केसाएवढा तडा, वीतभर.
बाकी सगळी भिंत निर्दोष.
"हितं ध्यान उडालं त्याचं."
कुणाचं?
"बांधणाऱ्याचं. घरून सांगावा आला असंल.
न्हाईतर खालून पोरगं विटा देत व्हतं, ते थकलं.
साहेबाला काय दिसतंय,
त्यो दुरून बघणार."
बोटानं त्यानं सांधा कोरला, चुना चिमटीत घेतला,
जिभेला लावून पाहिला.
थुंकला नाही.

फॉर्मात लांबी, रुंदी, उंची, वय,
शेवटी शेरा, दीड ओळीपुरता.
लिहिलं : तडा, किरकोळ.
पुढे स्वल्पविराम दिला आणि तशीच बसले.

दस्तगीर टेप गुंडाळत होता.
तिचं पितळी टोक त्याच थरावरून घासत निघालं,
सांध्यासांध्याला खट्, खट्, खट्, खट्,
आणि एके जागी
ठेका चुकला.