सातवं पाऊल

जेवणाच्या टेबलावर फेस शहराचा नकाशा.
एका कोपऱ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर हेरंबचा चष्म्याचा डबा,
तिसऱ्यावर गॅसचं बिल, तेच सगळ्यात जड.
चौथा कोपरा सारखा गुंडाळत वर येतो,
तो मी कोपरानं दाबून धरते.

बाहेर हॅलिफॅक्सचा जानेवारी. चारलाच दिवे.
टेकडीवरून आडवा येणारा पाऊस.
हेरंब वाचून दाखवतो:
माराकेश, एप्रिल, सव्वीस अंश.
सव्वीस म्हणून जरासा थांबतो,
भातावर तूप पडेपर्यंत थांबावं तसा.

त्यानं तक्ता केलाय. रकाने, रंग.
मँचेस्टरहून विमान पहाटे सहाचं,
म्हणजे उठायचं रात्री दोनला.
बॅग दहा किलोची.
उंटावर बसणे: ऐच्छिक.
चामडं कमावतात तिथं नाकाशी धरायला पुदिना देतात म्हणे,
त्याचाही एक रकाना आहे, हिरवा.

ऋताचा ब्रिस्टलहून फोन.
आई, एवढ्या पैशात बार्शीला जाऊन याल की.

तिला काय सांगू.
तिकडे जाणं ही सुट्टी नसते गं, रजा असते.
बँकेत हयातीचा दाखला,
नणंदेच्या गुडघ्यांचं मलम,
चॉकलेटची पाकिटं मोजून तेरा, तरी एक कमी पडतं,
आणि चपला काढायच्या आत पहिला प्रश्न:
किती दिवस आहात?
येता येताच जाण्याची तारीख सांगायची.

मला एक असं गरम गाव हवंय
जिथं मी कुणाची कुणी लागत नाही.
जिथं गल्ली चुकले तर चुकले,
कुणाच्या घरी कळवायला नको.

आणि खरं सांगू, मला भाव करायचाय.

दादांचं तांब्यापितळेचं दुकान होतं.
गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं
की ते त्याची पावलं मोजायचे.
हाक सातव्या पावलावर.
पाचव्याला मारली तर आपण गरजू दिसतो,
दहाव्याला मारली तर ते पुढच्या दुकानात शिरलेलं असतं.
सातव्यावर माणूस जातही नसतो, येतही नसतो.

इथं सगळ्यावर चिकटवलेली किंमत.
तेवीस वर्षांत एकदाच धीर केला,
बाजारातल्या जुन्या भांड्यांच्या टपरीवर, एका किटलीसाठी.
चार पौंड, लव्ह.
मी म्हटलं, तीन.
म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं,
माझ्या कोटाकडे, माझ्या बुटांकडे,
आणि हळू आवाजात म्हणाला, घेऊन जा, राहू दे पैसे.
मी चार मोजून ठेवले आणि कान लाल करून घरी आले.
त्याला कसं सांगायचं,
की अहो, हा खेळ होता, आता तुमची पाळी होती.

तीच किटली आज हेरंब मला विकतोय. सराव म्हणून.
दोनशे दिरहम, शेवटचा भाव, बाई.
चाळीस.
हा काय भाव झाला? माझी पोरं उपाशी मरतील.
तुमची पोर ब्रिस्टलला महिना तीन हजार कमावते.
बरं, दीडशे.
मी पाठ फिरवते.

एक, दोन, फ्रिज,
चार, जिन्याखालची व्हॅक्युमची अडचण,
सहा.
सात.

मागे सामसूम.
आठ, नऊ. कोटांचा खुंटा. दरवाजाच्या फटीतून गार वारा.
हेरंब बहुधा दिरहमचा दर बघतोय.
अकराव्याला दाराच्या मुठीवर माझा हात,
तेव्हा आतून येतं: अहो ताई! साठ! न्या!

उशीर केलात, म्हणाले.
पण वळले.

परत आले तर तो पडद्याकडे बघत बसलेला.
आपण बोलत होतो तेवढ्यात
तिकीट अठरा पौंडांनी चढलं,
आणि नकाशाचा सुटलेला कोपरा
गुंडाळत गुंडाळत
लोणच्यापर्यंत येऊन थांबला होता.